सातबारा ते व्हिसा : विंचूरच्या शिवारातून परदेशी विद्यापीठाकडे

विंचूर (ता. निफाड) : नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंचूर लागते. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे असल्याने हंगामात कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग या गावाला नवी नाही. शेजारीच औद्योगिक विकास महामंडळाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी उभारलेला वाइन पार्क आहे. गावाचे नाव इतिहासात आले ते पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यामुळे. विंचूरची जहागीर त्यांच्या घराण्याकडे आली आणि मूळचे दाणी विंचूरकर झाले. कांदा आणि द्राक्ष या दोन पिकांनी निफाड तालुक्यात पैसा आणला, त्या पैशाने मुलांना इंजिनीअरिंगपर्यंत पोहोचवले आणि आता त्याच घरांतून पुढचा प्रश्न विचारला जात आहे : एम. एस. साठी बाहेर जाता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण परीक्षेच्या गुणांत शोधतात. इंग्रजीची परीक्षा, पदवीचे गुण, शिफारसपत्रे, विद्यापीठाची क्रमवारी यांविषयी माहितीची आज वानवा नाही. अडचण उभी राहते ती प्रवेशपत्र हातात पडल्यानंतर. बागायती जमीन असलेल्या, कुणाचे देणे न बुडवलेल्या कुटुंबाला बँकेत आणि दूतावासात आपली ऐपत कागदावर सिद्ध करता येत नाही. शहरातील पगारदार घराला जे काम आठवडाभराचे, त्यासाठी विंचूरसारख्या गावातील घराला वर्ष लागू शकते. त्याची कारणे विद्यार्थ्याच्या गुणवत्तेत नाहीत. ती जमिनीच्या कायद्यात, करव्यवस्थेत आणि पिकाच्या वेळापत्रकात आहेत.

जमीन आहे, तारण नाही

बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घेतले जात नाही. त्यापुढे मूर्त तारण मागितले जाते. परदेशी शिक्षणाचा खर्च या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. काही बँकांनी निवडक नामवंत विद्यापीठांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा बरीच वाढवली आहे. परंतु विद्यापीठ त्या यादीत नसेल, तर व्यवस्थापक पहिला प्रश्न विचारतो तो तारण काय देणार, हाच.

शेतकरी सातबारा पुढे करतो. एकराला काही लाखांचा भाव असलेली द्राक्षबाग त्यावर असते. पीककर्जासाठी हाच उतारा चालतो, मग मुलाच्या शिक्षणासाठी का चालू नये, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २००२ च्या सरफेसी कायद्यात आहे. या कायद्याने बँकांना थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. मात्र कलम ३१ अन्वये शेतजमिनीवरील तारण त्यातून वगळले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची जमीन सावकारी झटपटीतून वाचावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण ज्या मालमत्तेची वसुली सुलभ नाही, ती मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी तारण म्हणून घेण्यास बँका सहसा राजी नसतात. त्यात महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणजे विकायची वेळ आलीच, तर गिऱ्हाईकही मर्यादित. जमिनीला संरक्षण देणारे हे दोन्ही कायदे तिच्या मालकाला कर्जाच्या रांगेत मागे उभे करतात. मुलाच्या भवितव्याचा प्रश्न असल्याने हा विरोधाभास कडवट वाटतो. त्याची जाहीर चर्चा मात्र क्वचित होते.

मग राहते घर तारण द्यावे, हा दुसरा विचार. येथे गावठाणाचा प्रश्न येतो. गावठाणातील घरांची स्वतंत्र मोजणी अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या झालेली नव्हती. घरमालकाकडे असतो तो ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. तो करआकारणीची नोंद आहे. मालकीचा पुरावा म्हणून बँक त्यावर विसंबत नाही. ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम राज्यात हाती घेण्यात आले आणि २०२० मध्ये केंद्राने ‘स्वामित्व’ योजनेद्वारे ते देशभर सुरू केले. ज्या घराची मिळकत पत्रिका तयार झाली आहे, त्याची बाजू बँकेत निश्चितच बळकट होते. ज्यांची झालेली नाही, त्यांनी प्रवेशाच्या अर्जाआधी भूमी अभिलेख कार्यालयाची पायरी चढलेली बरी.

तिसरा मार्ग बिनशेतीचा. नाशिकमध्ये कुटुंबाच्या नावे सदनिका वा बिनशेती भूखंड असेल तर प्रश्न पुष्कळ सुटतो. गावठाणालगतच्या जमिनींचे निवासी वापरासाठी रूपांतर सोपे करणाऱ्या तरतुदीही राज्याने केल्या आहेत. परंतु ज्या उताऱ्यावर आजोबांचे नाव अद्याप कायम आहे, आत्यांची नावे इतर वारसांत आहेत आणि चुलत्यांशी वाटप तोंडीच झालेले आहे, तेथे बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल पहिल्याच पानावर अडतो. वारस नोंद, फेरफार, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र ही कामे घाईत होत नाहीत. घाईत करू गेल्यास नात्यांत वितुष्ट येते, हे कोणत्याही गावकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

हे सर्व जेथे जमत नाही, तेथे खासगी वित्तसंस्थांचा पर्याय पुढे येतो. त्या विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सहकर्जदाराचे उत्पन्न पाहून विनातारण कर्ज देतात. व्याज बहुधा सार्वजनिक बँकांपेक्षा अधिक असते. सहकर्जदार पगारदार वा विवरणपत्र भरणारा असावा लागतो. त्यामुळे मुलाच्या वडिलांऐवजी नाशिक वा पुण्यातील नोकरदार मामाची सही कर्जावर होते. ही सही केवळ उपचार नसते. भाच्याने हप्ता चुकवला तर पत मामाची बिघडते, ही गोष्ट सही करण्यापूर्वी उभयतांनी स्पष्ट बोलून घेणे इष्ट.

करमुक्त उत्पन्नाची अडचण

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. या सवलतीचा एक अनपेक्षित परिणाम असा, की अनेक शेतकरी कुटुंबांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. बँक, वित्तसंस्था आणि बहुतेक देशांचे व्हिसा अधिकारी उत्पन्नाचा पुरावा म्हणून सर्वप्रथम तेच मागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो. पण शुल्कसवलतीसाठी काढलेल्या त्या दाखल्यावर लिहिलेली रक्कम आणि व्हिसासाठी दाखवायची रक्कम यांचा मेळ कसा घालायचा? एका खिडकीवर उत्पन्न अल्प आणि दुसऱ्या खिडकीवर भरघोस, हे आता खपत नाही.

यावर सरळ उपाय आहे आणि तो कायदेशीर आहे. कर लागत नसला तरी शेतीउत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता येते. बाजार समितीत विकलेल्या मालाची हिशेबपट्टी, द्राक्ष निर्यातदाराची बिले, औषधे व खतांच्या पावत्या आणि रक्कम थेट खात्यात जमा झाल्याची नोंद असे दोन-तीन वर्षांचे पुरावे सलग असतील, तर शेतकऱ्याचे उत्पन्नही पगाराइतकेच वाचनीय होते. मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षात असतानाच हे सुरू केले, तर शेवटच्या वर्षी धावपळ उरत नाही.

पीक आणि विद्यापीठ यांची वेळापत्रके मात्र कोणाच्याच हाती नाहीत. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. उन्हाळ कांदा मार्चपासून निघतो आणि चाळीत साठवला जातो. भाव चढेल या आशेवर तो पावसाळाभर थांबतो. अमेरिकेतील मुख्य सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते आणि त्यासाठीचे पैसे दाखवायचे ते उन्हाळ्यात. म्हणजे व्हिसाचा अर्ज भरताना घरची संपत्ती चाळीत असते आणि खाते रिकामे. ब्रिटनसाठी तर आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहावी लागते. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

त्यात सरकारी निर्णयांची भर. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा परदेशी विद्यापीठांची पहिल्या सत्राची शुल्के भरण्याचे दिवस होते. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. दीड वर्षाहून थोड्या अधिक अशा या काळात चाळीतल्या कांद्याच्या भरवशावर दोन वर्षांच्या पदवीचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या घराची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करता येते.

ही तफावत भरून काढण्यासाठी काही दलाल ‘फंड दाखवून देण्याची’ तयारी दाखवतात. काही दिवसांपुरती रक्कम खात्यात टाकायची, पत्र घ्यायचे आणि रक्कम काढून घ्यायची. अचानक आलेली मोठी जमा व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही आणि खोटा कागद उघडकीस आला तर त्या देशाचा दरवाजा अनेक वर्षांसाठी, अमेरिकेच्या बाबतीत कायमचाही, बंद होऊ शकतो. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबमधील अनेक विद्यार्थ्यांची महाविद्यालयीन प्रवेशपत्रेच बनावट निघाल्याचे उघड झाले. मुले तेथे पोहोचून वर्षे लोटली होती.

किती पैसे दाखवावे लागतात?

देशागणिक रीत वेगळी. जर्मनीत सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतांशी नसते, पण निर्वाहासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात आधी भरावे लागतात आणि दरमहा ठराविक रक्कमच काढता येते. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना पदवी पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र लागते. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठी निर्वाहाची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली. २०२३ अखेरपर्यंत ती १० हजार होती. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या संपूर्ण खर्चाची सोय दाखवल्याशिवाय विद्यापीठ ‘आय-२०’ हा व्हिसासाठीचा कागद देत नाही. हे आकडे बदलत राहतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर न जाता त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहावा.

खर्च डॉलरमध्ये आणि कमाई रुपयांत, हे दुखणे जुने आहे. २००८ च्या आरंभी ४० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या डॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये ९० रुपयांची पातळी ओलांडली. कर्ज मंजूर होताना धरलेला दर आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरताना पडलेला दर यांतील फरक घरातूनच भरावा लागतो. पैसे पाठवताना कापल्या जाणाऱ्या कराबाबत थोडा दिलासा आहे. एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर ही वसुली होत नाही; स्वतःच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवल्यासही नाही.

परतफेडीचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ४० लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने चार समान सत्रांत उचलले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असते. तीन वर्षांअखेर सरळव्याजानेच ते नऊ लाख होते. ४९ लाखांची परतफेड दहा वर्षांत करायची तर हप्ता येतो सुमारे ६४,७५० रुपये. पंधरा वर्षांत करायची तर सुमारे ५२,६५० रुपये आणि एकूण भरणा ९४ लाखांच्या पुढे. तेथे नोकरी लागली तर दहा वर्षांचा हप्ता सातशे-साडेसातशे डॉलरचा, म्हणजे झेपण्याजोगा. परत यावे लागले तर? क्विंटलला दीड हजार रुपये भाव धरल्यास पंधरा वर्षांच्या हप्त्यासाठी दर महिन्याला ३५ क्विंटल कांदा लागेल, तोही मजुरी, बियाणे, औषध यांचा खर्च न वजा करता. प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी हे वाक्य घरातील सर्वांनी एकदा ऐकलेले असावे.

नोकरीची शाश्वती कोणीच देत नाही. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. म्हणजे पदवीनंतरच्या रांगेतही भारतीयांचीच गर्दी. अभ्यासानंतर बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी चोवीस महिने कामाची मुभा मिळते. त्यापुढे ‘एच-१ बी’ची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तेथेच राहून दर्जा बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा नंतर आला. दरम्यानच्या काळात अनेक घरांची झोप उडाली असणार.

शिष्यवृत्ती आणि तिच्या अटी

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दीर्घकाळ चालू आहे. मराठा, कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने २०२३ मध्ये अशीच योजना मंजूर झाली. इतर मागासवर्गीयांसाठी शिष्यवृत्तीबरोबरच त्यांच्या वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. जागा मोजक्या, विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट कडक आणि उत्पन्नमर्यादा व गुणांचे निकष अधूनमधून बदलणारे. तेव्हा त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. केंद्राची २०२४ ची ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना देशातील संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. नावसाधर्म्यामुळे याबाबत पुष्कळांची फसगत होते.

सयाजीराव आणि शाहू महाराज ही नावे या योजनांना उगीच दिलेली नाहीत. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा गाठीशी होती अध्यापनातून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले उसने पैसे. लंडनमध्ये डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडलेला विषय होता रुपयाचा प्रश्न. तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती विंचूरच्या पुढे, येवल्यात.

नाशिक जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते शिवाजी शिष्यवृत्तीवर. त्यासाठी शिफारस करणारे टिळक पुण्यात अनेक वर्षे विंचूरकरांच्याच वाड्यात राहिले होते. या शिष्यवृत्त्यांची अट बडोद्याच्या नेमकी उलट : घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची चाकरी करायची नाही. ती रक्कम पुरेशी नव्हती; उरलेला भार सासऱ्यांनी उचलला. सासरे, मामा, मित्र ही यादी शंभर वर्षांत फारशी बदललेली दिसत नाही.

जाता जाता एक नोंद. विंचूरच्या आसपासची मुले बाहेर जातात ती प्रामुख्याने संगणकशास्त्रासाठी. शेजारी वाइन पार्क, भोवती द्राक्षबागा, आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस किंवा जर्मनीतील गायझेनहाइम येथे द्राक्षविज्ञानाचे नामांकित अभ्यासक्रम. बागेत वाढलेल्या मुलाच्या अर्जात तेथे सांगण्यासारखे खूप काही असते. या वाटेचा विचार क्वचितच होतो.

उरतात किरकोळ वाटणारी, पण नेमकी शेवटच्या आठवड्यात अडवणारी कामे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पारपत्रावर नंतर. कोठे वडिलांचे नाव आहे, कोठे नाही. हा फरक पारपत्र काढतानाच मिटवावा. नाशिकमधील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने अधिकृत गुणपत्रके तेथूनच घ्यावी लागतात आणि त्यांनाही वेळ लागतो. पुढील ऑगस्टमध्ये ज्याला विमानात बसायचे आहे, त्याच्या घरच्यांना आधीच्या दिवाळीपूर्वी विंचूरच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज घेऊन जावे लागेल. नोटीस, हरकतीची मुदत आणि फेरफार मंजुरी यांत पुढले आठवडे जातात; तोवर लाल कांदा बाजारात येऊ लागलेला असतो.